'सिलुएत': एका आडनावाचा अर्थप्रवास

१

शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्या पुस्तकांतून एक कथा हमखास भेटते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये एतिएन द सिलुएत नावाचा अर्थमंत्री होऊन गेला. तो कमालीचा कंजूष होता. त्याच्या काटकसरीला कंटाळलेल्या पॅरिसवासीयांनी स्वस्तात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्याचे नाव द्यायला सुरुवात केली. रंग, कुंचला आणि चित्रकाराची बिदागी यांपैकी कशाचीच गरज नसलेल्या, सावलीवरून काढलेल्या काळ्या चित्रांनाही तेच नाव मिळाले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. कथा आटोपशीर आहे. वर्गात सांगितली की विद्यार्थी हसतात, आणि विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते याचे उदाहरण म्हणून ती सोयीचीही आहे. प्रस्तुत लेखकाने एम.ए.च्या वर्गात अर्थपरिवर्तनाचा भाग शिकवताना ती अनेक वर्षे सांगितली आहे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कंजूष मंत्री तर पुष्कळ झाले असतील. मग याचंच नाव का चिकटलं?" त्या वेळी जे उत्तर मी दिले ते आज मला देता येणार नाही.

या कथेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. शब्द कोठून आला हे कळले की तो का टिकला हेही कळते, हे पहिले गृहीत. दुसरे अधिक गंभीर आहे. ज्या माणसावरून शब्द आला त्याच्याविषयीचा निवाडा, म्हणजे 'कंजूष' हे विशेषण, आपण शब्दाबरोबर न तपासता स्वीकारतो. हा निवाडा कोणी दिला, कोणत्या प्रसंगी दिला आणि त्यात कोणाचा हितसंबंध गुंतलेला होता, हे प्रश्न व्युत्पत्तीच्या पुस्तकांत सहसा उपस्थित होत नाहीत. ते उपस्थित केले की 'सिलुएत' या शब्दाचा इतिहास बराच वेगळा दिसू लागतो.

२

प्रथम माणसाकडे वळू. एतिएन द सिलुएत १७०९ साली लिमोज येथे जन्मला आणि १७६७ साली पॅरिसजवळच्या ब्री-स्युर-मार्न या गावी मरण पावला. फ्रान्सच्या राजाच्या अर्थखात्याचा प्रमुख म्हणून त्याची कारकीर्द ४ मार्च १७५९ ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याची अखेर एवढीच, म्हणजे जेमतेम साडेआठ महिन्यांची आहे. त्यापूर्वीची तीस वर्षे तो प्रामुख्याने लेखक आणि भाषांतरकार होता. विशीतच त्याने चिनी राज्यव्यवस्था व नीतिविचार यांवर एक पुस्तक लिहिले. स्पॅनिश लेखक ग्रासियान याचे राजकीय चिंतन त्याने फ्रेंचमध्ये आणले. इंग्लंडमध्ये काही काळ राहून तेथील अर्थव्यवहाराचा अभ्यास केला, आणि १७३६ साली अलेक्झांडर पोपच्या 'एसे ऑन मॅन' या काव्याचे गद्य भाषांतर प्रसिद्ध केले.

हे भाषांतर अठराव्या शतकाच्या विचारेतिहासात दुर्लक्षणीय नाही. पोपच्या काव्यातील आशावादावर स्वित्झर्लंडमधील क्रुझाझ या तत्त्वज्ञाने १७३७ साली जो प्रसिद्ध हल्ला चढवला, तो मूळ इंग्रजीवरून नव्हे, तर सिलुएतच्या या गद्य भाषांतरावरून. पोपच्या बचावासाठी इंग्लंडात वॉरबर्टन उभा राहिला. पुढे सिलुएतने वॉरबर्टनच्याही लेखनाचे फ्रेंच भाषांतर केले. जगात जे आहे ते योग्यच आहे, या मताची जी टिंगल व्होल्तेरने 'कांदीद'मध्ये केली ते 'कांदीद' १७५९ च्या आरंभी प्रसिद्ध झाले, आणि पोपला फ्रेंच वाचकांपुढे आणणारा भाषांतरकार त्याच वर्षी फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. साहित्येतिहासकाराला हा योगायोग पुरेसा बोलका वाटावा. तरीही कोशांतील नोंदींत सिलुएतच्या या वाङ्मयीन आयुष्याचा उल्लेख एखाद्या उपवाक्यापलीकडे जात नाही. संस्कृत नाटकांच्या आवृत्त्यांतून प्राकृत संवादांखाली जे संस्कृत रूपांतर छापले जाते त्याला आपण 'छाया' म्हणतो. त्या अर्थाने हा माणूस आयुष्यभर छायाच काढत होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण असे मोह या लेखात पुढेही येणार आहेत आणि ते टाळायचे आहेत.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर राजाच्या वतीने देखरेख करणाऱ्या आयुक्तांमध्येही तो होता. व्यापार हवा, मुलूखगिरी नको, या पॅरिसमधील मताचा तो पुरस्कर्ता होता. याच मताच्या दबावाखाली दुप्लेला १७५४ साली पाँडिचेरीहून परत बोलावण्यात आले. म्हणजे आपल्या इतिहासाच्या एका वळणावरही या माणसाची सावली पडलेली आहे, फक्त तेथे तिला कोणी त्याचे नाव दिले नाही.

१७५९ साली त्याच्यापुढे जे अर्थखाते आले ते सप्तवार्षिक युद्धाने पोखरलेले होते. युद्ध १७५६ मध्ये सुरू झाले होते आणि फ्रान्सच्या दृष्टीने १७५९ हे त्यातले सर्वांत वाईट वर्ष ठरले. ऑगस्टमध्ये मिंडेन, सप्टेंबरमध्ये क्वेबेक, आणि २० नोव्हेंबरला क्विबेरॉनच्या उपसागरात आरमाराचा पराभव. या परिस्थितीत सिलुएतने जे उपाय योजले त्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. त्याने प्रथम कर-इजारदारांना हात घातला. फ्रान्समध्ये अप्रत्यक्ष कर वसूल करण्याचा मक्ता धनाढ्य सावकारांच्या एका मंडळाकडे असे आणि राजापेक्षा त्यांचाच फायदा अधिक होई. त्यांच्या नफ्यातील निम्म्या हिश्शावर प्रत्येकी एक हजार लिव्हरचे ७२,००० रोखे काढून सिलुएतने ते लोकांना विकले. दरबारी पेन्शनांना त्याने कात्री लावली. या टप्प्यावर पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले आणि व्होल्तेरसारख्यांनीही त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या. नंतर सप्टेंबरमध्ये त्याने सार्वत्रिक कराची योजना आणली. तिच्यात श्रीमंतीच्या बाह्य खुणांवर, म्हणजे नोकरचाकर, गाडीघोडे आणि चैनीच्या वस्तू यांवर, कर होता. सरदार आणि धर्मगुरू यांना करमाफीचा वंशपरंपरागत हक्क आहे असे मानणाऱ्या राज्यव्यवस्थेत ही योजना काय खळबळ माजवणार हे उघड होते. घराघरांतील सोन्याचांदीची भांडी टांकसाळीत देण्याचे आवाहन झाले आणि राजानेही स्वतःची चांदी पाठवली. ऑक्टोबरमध्ये सरकारी हुंड्यांची देणी स्थगित करण्यात आली. पुढच्याच महिन्यात मंत्रिपद गेले.

आता कंजूषपणाविषयी. सिलुएत स्वतःच्या घरात काटकसरी होता की उधळ्या, याचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. ज्यांच्याकडे गाडीघोडे होते त्यांच्यावर कर बसवू पाहणाऱ्या माणसाला त्या वर्गाने 'कंजूष' म्हटले. दुसऱ्याच्या खर्चावर बंधन आणणाऱ्याला चिक्कू म्हणण्याची ही रीत जुनी आहे. तथापि येथे लगेच प्रतिनायक उभा करून चित्र उलटे रंगवणेही बरोबर होणार नाही. ऑक्टोबरमधील स्थगितीची झळ केवळ सरदारांना लागली नाही. राजाच्या कागदावर विश्वास ठेवून पैसा गुंतवणारा मध्यम स्थितीतला पॅरिसकरही तीत होरपळला. उपहासात म्हणून दोन स्वर मिसळलेले आहेत, एक विशेषाधिकार जाईल या भीतीचा आणि दुसरा पैसे बुडाल्याच्या संतापाचा. भाषेने मात्र दोन्हींना एकच शब्द दिला, आणि शब्द वापरणाऱ्याला यांतला कोणता स्वर आपण पुढे नेत आहोत हे कळण्याचा मार्ग उरला नाही.

३

'आ ला सिलुएत', म्हणजे 'सिलुएतच्या धर्तीवर', हा वाक्प्रयोग मंत्र्याच्या पतनाच्या सुमारास पॅरिसमध्ये खेळू लागला. त्याचे बहुपरिचित वर्णन लुई-सेबास्तियाँ मेर्सिएच्या 'ताब्लो द पारी' या ग्रंथात येते. खिसे नसलेल्या तुमानी, चुण्या नसलेले अंगरखे, साध्या लाकडाच्या तपकिरीच्या डब्या आणि मेणबत्तीच्या उजेडात पडलेल्या सावलीवरून पांढऱ्या कागदावर उतरवलेले चेहरे, या सर्वांना सिलुएतचे नाव मिळाले आणि अशा रीतीने राष्ट्राने सूड घेतला, असा मेर्सिएचा आशय आहे. पण मेर्सिएचा ग्रंथ १७८१ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झाला. म्हणजे घटनेनंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, क्रांतीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पॅरिसमध्ये, एक पत्रकारी वृत्तीचा लेखक ही आठवण लिहीत आहे. 'राष्ट्राने सूड घेतला' या त्याच्या निर्वाळ्यात 'राष्ट्र' कोण? खिशाविना तुमान हा विनोद ज्यांना तुमान शिवून घेणे परवडत होते त्यांचा आहे. आणखी काही वर्षांनी ज्यांना तशी गुडघ्यापर्यंतची तुमान नसणे हेच आपले राजकीय नाव म्हणून मिरवावेसे वाटले, त्यांचा तो नव्हे.

दुसरे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकातले. मंत्रिपदावरून गेल्यावर ब्रीच्या वाड्यात सिलुएत स्वतःच सावल्यांवरून चेहरे रेखाटण्यात रमे आणि वाड्याच्या भिंती अशा चित्रांनी भरलेल्या होत्या, असे ते सांगते. लित्रेने आपल्या कोशात या वाड्याविषयीचा मजकूर दिला आहे, पण तो १८६९ सालच्या वृत्तपत्रातला आहे. माणूस मेल्यानंतर शंभर वर्षांनी उमटलेली ही आठवण. तिसरे स्पष्टीकरण याहून काव्यात्म आहे: मंत्रिपद सावलीसारखे आले आणि गेले, म्हणून सावलीच्या चित्राला मंत्र्याचे नाव. ही तीन स्पष्टीकरणे परस्परांशी जुळत नाहीत. पहिल्यात सिलुएत उपहासाचा विषय आहे, दुसऱ्यात तो हौशी कलावंत आहे, तिसऱ्यात तो केवळ रूपक आहे. तरीही बहुतेक संदर्भग्रंथ ती शेजारी शेजारी ठेवून मोकळे होतात.

आपल्या साहित्यशास्त्रात या गोंधळासाठी नेमकी परिभाषा उपलब्ध आहे आणि ती येथे वापरली नाही तर तो आळस ठरेल. पतंजलीपासून चालत आलेल्या विभागणीत जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे शब्दांचे चार प्रकार मानले जातात. विशेषनाम हा यदृच्छाशब्द. 'डित्थ' हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. तो वस्तूच्या कोणत्याही गुणधर्मामुळे नव्हे, तर वक्त्याच्या इच्छेने वस्तूला चिकटवलेला असतो. विशेषनाम निर्देश करते, अर्थ वाहत नाही, हे जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्राच्या चौकटीत मांडलेले मत याच्याशी मिळतेजुळते आहे. 'सिलुएत' हा यदृच्छाशब्द सामान्यनाम झाला म्हणजे त्याने प्रकार बदलला. हा बदल समजून घ्यायला मम्मट आणि विश्वनाथ यांच्यातील वाद उपयोगी पडतो. 'कुशल' या शब्दाचा मूळ अर्थ दर्भ तोडून आणणारा, आणि 'निपुण' हा अर्थ रूढीच्या लक्षणेने आला, असे मम्मट म्हणतो. विश्वनाथाला हे मान्य नाही. शब्द ज्यामुळे सिद्ध झाला ते व्युत्पत्तिनिमित्त आणि ज्यामुळे तो वापरला जातो ते प्रवृत्तिनिमित्त. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे आहे. तसे नसते तर 'गो' हा गमनावरून आलेला शब्द निजलेल्या गाईला लावताच आला नसता. 'निपुण' हाच 'कुशल'चा मुख्यार्थ आहे, तेथे लक्षणा मानायचे कारण नाही.

सिलुएतविषयीची तिन्ही स्पष्टीकरणे व्युत्पत्तिनिमित्ताच्या शोधात आहेत आणि प्रवृत्तिनिमित्त सांगितल्याचा आव आणतात. १७६० साली कोणीतरी कोणत्यातरी कारणाने हे नाव उच्चारले असेल. पण १८३५ साली फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत हा शब्द स्वीकारला, तेव्हा तो वापरणाऱ्यांच्या मनात अर्थमंत्री नव्हता. तो कोठे गेला, आणि नाव का राहिले?

४

माझ्या मते याचे उत्तर माणसाच्या स्वभावात नाही, नावाच्या घडणीत आहे.

हे आडनाव मुळात फ्रेंच नाही. घराणे बियारित्झचे, म्हणजे बास्क प्रदेशातले. सिलुएता किंवा दक्षिणेकडील रूपात सुलुएता हे ते आडनाव. बास्क भाषेत 'सिलो' किंवा 'सुलो' म्हणजे भोक, विवर, गुहा, आणि '‑एता' हा विपुलता दाखवणारा स्थानवाचक प्रत्यय. तेव्हा जेथे विवरे पुष्कळ आहेत ती जागा, असा या नावाचा अर्थ. आपल्याकडील गावांवरून पडलेल्या असंख्य आडनावांसारखेच हे स्थलनामातून आलेले आडनाव आहे. काळ्या चित्रातील आकृती म्हणजे कागदातले एक विवरच होय, असे म्हणून या व्युत्पत्तीचा चित्राशी सांधा जुळवता येईल. काही छायाचेहरे तर खरोखरच पांढऱ्या कागदात भोक कापून, मागे काळा कागद लावून तयार केले जात. पण पॅरिसमध्ये बास्क भाषा कोणाला येत होती? वर उल्लेखिलेल्या मोहांपैकी हा एक.

महत्त्वाचे आहे ते बास्क '‑एता' फ्रेंच कानांना कसे ऐकू आले हे. फ्रेंचमध्ये '‑एत' हा स्त्रीलिंगी लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. मराठीत टोप‑टोपली, ताट‑ताटली, ढोल‑ढोलकी या जोड्यांत जे घडते तेच तो प्रत्यय फ्रेंचमध्ये घडवतो. वेलबुट्टीचे छोटे चित्र ते व्हिन्येत, शिल्पाचा कच्चा नमुना ती माकेत, कळसूत्री बाहुली ती मारियोनेत. लहान, हलके, हाताळण्याजोगे आणि पुष्कळदा मूळ वस्तूची छोटी प्रतिकृती असलेले असे हे एक मोठे कुटुंब भाषेत आधीच नांदत होते. 'सिलुएत' हे नाव या कुटुंबात जणू जन्मजात बसणारे होते. पुरुषाचे आडनाव असूनही सामान्यनाम होताच ते स्त्रीलिंगी झाले, आणि फ्रेंच भाषकाला त्यात काही विचित्र वाटले नाही. बास्क भाषेत 'पुष्कळ' सांगणारा प्रत्यय फ्रेंचमध्ये 'लहानसे' सांगू लागला. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कंजूष मंत्री पुष्कळ झाले असतील, पण स्वस्त आणि लहान चित्राचे नाव वाटावे असे आडनाव एकाचेच होते.

इतर उदाहरणांशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शिरच्छेदाच्या यंत्राची आखणी आंत्वान लुई या शल्यचिकित्सकाची, म्हणून आरंभी त्याला 'लुईझेत' हे लाडिक नाव मिळाले होते. पुढे डॉक्टर गियोतँच्या नावाला एक स्त्रीलिंगी शेपूट जोडून 'गियोतीन' तयार झाले. सेन विभागाचा प्रीफेक्ट युजेन पुबेल याने १८८४ पासून पॅरिसच्या घरमालकांवर केरासाठी झाकणाच्या पेट्या ठेवण्याची सक्ती केली आणि 'पुबेल' हे कचराकुंडीचे नाव झाले. त्याही आडनावाचा शेवट 'सुंदर' या अर्थाच्या स्त्रीलिंगी विशेषणासारखा ऐकू येतो. गियोतँचे नाव वापरण्यासाठी त्यात बदल करावा लागला. सिलुएतच्या नावात कानामात्रेचाही बदल करावा लागला नाही, फक्त पहिले अक्षर लहान लिपीत गेले. देरिदाने फ्रांसिस पाँज या कवीच्या आडनावातला 'स्पंज' उलगडत जे विवेचन केले, त्यात नाव आणि वस्तू यांच्यातील ही निसरडी सीमा तात्त्विक पातळीवर येते. पण तेथे खेळ समीक्षक खेळतो. येथे तो खेळ एका शहराने खेळला आहे, आणि ज्याचे नाव त्याला विचारलेले नाही.

५

शब्द एकदा सुटा झाल्यावर त्याचे प्रवृत्तिनिमित्त किती बदलू शकते, याचे उदाहरण जर्मनीत आणि इंग्लंडात मिळते. कला अर्थातच नावापेक्षा जुनी आहे. प्रियकर परदेशी निघाला तेव्हा भिंतीवर पडलेल्या त्याच्या सावलीभोवती रेघ ओढणाऱ्या बुटाडेसच्या मुलीची कथा प्लिनीने सांगितली आहे. गटेच्या 'वेर्थर'मध्ये (१७७४) नायकाला लोट्टेचे चित्र तीनदा प्रयत्न करूनही साधत नाही. अखेर तो तिची छायाकृती काढून समाधान मानतो आणि मृत्यूपूर्वी ती तिलाच परत देऊन जातो. येथे छायाकृती हे अपुरेपणाचे चिन्ह आहे. पुढच्याच वर्षी लाफाटरच्या मुखसामुद्रिकावरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला, गटेच्या साहाय्याने. त्यात तीच छायाकृती चेहऱ्याचे सर्वांत विश्वासार्ह रूप ठरली. रंग, हावभाव, खुशामत हे सगळे गाळून कपाळ व नाक यांची नुसती रेषा उरते आणि माणसाचा स्वभाव त्या रेषेत वाचता येतो, अशी लाफाटरची श्रद्धा होती. लिख्टेनबर्गने तिची खिल्ली उडवली. रेषेवरून माणूस ठरवण्याच्या या विद्येने पुढे वंशशास्त्राच्या नावाखाली जे केले ते पाहता लिख्टेनबर्गची भीती अनाठायी नव्हती.

इंग्लंडमधील प्रकरण माझ्या मते सर्वांत उद्बोधक आहे. तेथे या चित्रांना 'शेड' किंवा 'प्रोफाइल' म्हणत आणि जत्रेतला कोणीही यंत्राच्या मदतीने ती काही पैशांत काढून देई. ओग्युस्त एदुआर हा फ्रान्समधून आलेला कारागीर हातात कात्री घेऊन, यंत्राविना, उभ्या माणसाची पूर्णाकृती कापत असे. जत्रेतल्या लोकांशी आपली गणना होऊ नये म्हणून त्याने आपल्या कामासाठी 'सिलुएत' हा फ्रेंच शब्द आग्रहाने वापरला आणि १८३५ साली या विषयावर पुस्तकही लिहिले. पॅरिसमध्ये हलक्या मालाची निशाणी म्हणून जन्मलेला शब्द खाडी ओलांडताच प्रतिष्ठेची निशाणी झाला. व्युत्पत्ती तीच, प्रवृत्ती नेमकी उलट.

फ्रान्समध्ये शब्दाचे राजकीय मूळ एकदा अनपेक्षितपणे वर आले. १८२९ ते १८३१ या काळात 'ला सिलुएत' नावाचे सचित्र उपहासपत्र निघत असे. बाल्झाक त्यात लिही. पुढील 'ला कारिकातुर'ची ही पूर्वपीठिका होय. शतकाच्या अखेरीस 'शा न्वार' या पॅरिसच्या मद्यगृहात जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्यांचे छायानाट्य रंगे. त्यातील नेपोलियनच्या स्वाऱ्यांवरचा खेळ कारां दाश याचा. हे टोपणनाव रशियन भाषेतल्या 'पेन्सिल' या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले, आणि पुढे १९२४ साली एका स्विस कंपनीने आपल्या पेन्सिलींना त्याच चित्रकाराचे नाव दिले. वस्तूचे नाव माणसाला आणि माणसाचे पुन्हा वस्तूला! त्यानंतरचे उपयोग, म्हणजे शिवणकलेतील पोशाखाची बाह्याकृती, रोजच्या बोलण्यातला शरीराचा बांधा, नेमबाजीचे लक्ष्य, चित्रपटातली प्रकाशयोजना, हे आशयाच्या दृष्टीने एकाच 'बाह्यरेषे'चे विस्तार आहेत. कॅरा वॉकर या अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकर्तीने १९९४ पासून गुलामगिरीची हिंस्र दृश्ये काळ्या कागदातून कापून भिंतभर मांडली, तेव्हा मात्र सभ्य बैठकीतल्या या छंदात काय काय झाकले गेले होते हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

नकाशातही हे नाव आहे. हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहात सिलुएत नावाचे बेट आहे. माहेच्या किनाऱ्यावरून सायंकाळी ते काळ्या आकृतीसारखे दिसते, म्हणून हे नाव पडले असा प्रवाशाचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते मंत्र्याच्याच नावाचे. संपूर्ण द्वीपसमूहाला ज्याचे नाव आहे तो मोरो द सेशेल हाही अर्थमंत्रीच होता, सिलुएतच्या पाचच वर्षे आधी त्या पदावर आलेला. स्थलनामापासून आडनाव, आडनावापासून पुन्हा स्थलनाम, आणि त्या स्थलनामाला सामान्यनामाच्या आधारे नवी लोकव्युत्पत्ती! येथे व्युत्पत्तिनिमित्ताचा विसर पूर्ण झालेला आहे.

६

मराठीत असा पूर्ण विसर क्वचितच पडतो. सिलुएत पदच्युत झाला त्यानंतर चौदा महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतची लढाई झाली. 'पानिपत होणे' हा प्रयोग आपण आज निवडणुकीपासून परीक्षेपर्यंत कोठेही करतो, पण तो करताना रणांगण आठवत नाही असा मराठी भाषक विरळा. पुण्याच्या घाशीराम कोतवालाला १७९१ साली लोकांनी दगडांनी ठेचून मारले. त्याचे नाव जुलमी अधिकाऱ्याला लावले जाते आणि १९७२ च्या तेंडुलकरांच्या नाटकाने ते नव्याने धारदार केले. हे शब्द अर्धे विशेषनामच राहिले आहेत, त्यांच्यातील निवाडा उघड्यावर आहे आणि म्हणून तो तपासता येतो. घाशीरामाविषयी इतिहासकारांना वाद घालता आला तो यामुळेच.

पूर्ण विसराचे एक गोड उदाहरण मात्र आपल्याकडे आहे. 'हापूस' हा शब्द आफोंसो या पोर्तुगीज नावावरून गोव्याच्या वाटेने आला. कोणता आफोंसो, असे विचारताच लोककथा १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्ककडे बोट दाखवते, कारण तो सर्वांना ठाऊक असलेला आफोंसो. वाड्याच्या भिंतीवरील चित्रांच्या कथेत जी प्रक्रिया आहे तीच ही. आंबा खाणाऱ्याला अल्बुकर्कची तलवार आठवण्याचे कारण नाही, आणि नावाच्या मराठी रूपात तर आफोंसोही ऐकू येत नाही.

'सिलुएत'साठी मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न छायाचित्रणाविषयीच्या लेखनात सिलुएट, सिल्हूट अशा रूपांनी सोडून दिलेला दिसतो. वस्तुतः 'छायाचित्र' हा शब्द येथे अगदी नेमका बसला असता, पण तो आपण फोटोग्राफीला देऊन बसलो. सावलीचे चित्र ते छायाचित्र असायला हवे होते, आणि प्रकाशाने उमटलेले ते प्रकाशचित्र. संस्कृतात 'छाया' म्हणजे सावली तशीच कांती, शोभा आणि प्रतिबिंबही, त्यामुळे हे स्थलांतर अशास्त्रीय नाही, फक्त त्याने सावलीला बेघर केले. 'छायाकृती' हा पर्याय मी वर वापरला आहे. त्यात स्वस्तपणाही नाही आणि उपहासही नाही. समीक्षेत तर आपण कादंबरीतील पात्राला 'व्यक्तिरेखा' म्हणतो आणि त्या शब्दातल्या रेषेकडे सहसा पाहत नाही. लाफाटरची श्रद्धा आपल्या परिभाषेत अशी निमूटपणे येऊन बसली आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल.

छायाकृतींचा धंदा बुडाला तो १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या शोधामुळे. एदुआर १८४९ मध्ये अमेरिकेहून परतताना त्याचे जहाज गर्नझी बेटाजवळ फुटले आणि त्याने जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतींपैकी पुष्कळ समुद्रात गेल्या. दागेरच्या चित्रांना त्याचेच नाव मिळाले होते. तेथे व्युत्पत्ती आणि प्रवृत्ती यांत काडीचेही अंतर नव्हते, आणि ती पद्धत मागे पडली तेव्हा 'दागेरोतीप' हा शब्दही तिच्याबरोबर इतिहासात जमा झाला. उतारवयात दागेर पॅरिस सोडून एका लहान गावी राहायला गेला आणि १८५१ साली तेथेच वारला. ते गाव ब्री-स्युर-मार्न.